दोनशे अकरा पावलं

चार वाजायला वीस मिनिटं होती. मास्तरांनी दार उघडलं आणि जिन्याकडे पाहिलं. चौतीस पायऱ्या. मधल्या वळणावर ती पायरी होती, जिच्यावरून ते तीन महिन्यांपूर्वी खाली गडगडले होते. पाय बरा झाला होता. भीती गेली नव्हती.

मनगटावर लेकीने बांधलेला, पावलं मोजणारा पट्टा होता. "रोज हजार पावलं, मग दर आठवड्याला पाचशे वाढवायची," असं तिने ठरवून दिलं होतं. आकडा तिला ऑफिसात फोनवर दिसायचा. मास्तर खुर्चीत बसून हात हलवायचे. एक हात दुखला की पट्टा दुसऱ्या हातावर. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलांकडून कवायत करून घेतलेला माणूस, खुर्चीत बसून रोज लेकीला फसवत होता.

काल ती हरखून म्हणाली होती, "बाबा, पाच हजार! आता मुंगीला सांभाळायला बाई कशाला? उद्यापासून तिला शाळेच्या बसवरून तुम्हीच आणा. तिच्या शाळेच्या कार्डावर तुमचा फोटो लावून आलेय."

"अगं, पण…"

"पण-बिण काही नाही. पोरांना पळवायचात ना? आता स्वतः चाला."

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर सहा वर्षांची नात मुंगी टाळ्या पिटत नाचत होती.

कार्डावरचा माणूस फाटकाशी दिसला नाही, तर बसमधल्या ताई मुलाला उतरवत नसत. बस पुढे निघून जाई.

मास्तरांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. जिना डोळ्यांपुढे खाली खाली घसरत गेला. त्यांनी पाय मागे घेतला, कठडा धरून कसंबसं बूड टेकलं आणि रांगत्या मुलासारखे बसूनच एक पायरी उतरले. मग दुसरी. मग तिसरी.

वळणाच्या थोडं अलीकडे शेजारीण पिशवी घेऊन वर येताना भेटली.

"अगंबाई! मास्तर, जिना पुसताय की काय?"

"तुमच्याकडून राहिला होता," मास्तर म्हणाले.

ती हसली, आणि त्यांचा चेहरा पाहून हसायची थांबली. "बसवर मी जाऊ का?"

"तुमच्याकडे देणार नाहीत. कार्डावर मी आहे."

तिने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर येऊन उभी राहिली. ते एक उतरले की तीही एक. 'ती' पायरी आली तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बरोबर तेव्हाच बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"थांबा हो!" शेजारीण ओरडत फाटकाकडे धावली. "येताहेत! आजोबा येताहेत!"

उरलेल्या पायऱ्या ते कसे उतरले, त्यांना कळलंच नाही. भिंतीला हात लावत, पाय ओढत ते फाटकाशी पोहोचले. ताईंनी कार्ड पाहिलं, त्यांच्या मळलेल्या पँटकडे पाहिलं आणि मुंगीचा हात त्यांच्या हातात दिला.

"आजोबा, तुम्ही पडलात?"

"नाही. बसत बसत आलो."

ती खुदकन हसली. जिन्याच्या तोंडाशी मास्तर खालच्या पायरीवर टेकले, तोच फोन वाजला.

"बाबा, आली ना मुंगी? मला वाटलंच, तुम्हाला जमणार! पण पट्टा बिघडलाय हो. सकाळपासून दोनशे अकराच दाखवतोय."

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं.

"पट्टा ठीक आहे," ते म्हणाले. "आजचाच आकडा खरा आहे. बाकीचं संध्याकाळी सांगतो."

मग लेक हळूच म्हणाली, "बाबा, आता तुम्ही कुठे आहात?"

"खाली."

फोन ठेवून ते उठले. एका हाताने त्यांनी कठडा धरला, दुसरा मुंगीने धरला. वर चौतीस पायऱ्या होत्या. मुंगी त्यांच्या थरथरत्या मनगटावरच्या पट्ट्यात डोकावली. दोनशे बारा. दोनशे तेरा. दोनशे चौदा.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही तर अजून जागेवरच आहात. मग आकडा कसा वाढतोय?"