तिसरं कडवं

बायकांनी मुसळाच्या ठेक्यावर गाणं धरलं आणि शाल्मलीच्या हातातली हळकुंडं सांडली. मैत्रिणीच्या लग्नाला ती या गावात पहिल्यांदाच आली होती. मांडवात हळद कांडत घाणा भरणाऱ्या या बायका चक्क तिनं लिहिलेलं गाणं म्हणत होत्या. ज्या सिनेमासाठी ते लिहिलं, तो आठवडाभरही चालला नव्हता. त्यानंतर तिला कुणी गाणं मागितलं नाही. आता नोकरी धरायची, असं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं.

तिनं वरच्या पट्टीत आवाज मिसळला, "हरिद्रेच्या रंगात न्हाली लेक माझी लाडाची..."

मुसळ थांबलं.

"शब्द चुकतेयस, पोरी," नवरीची आत्या म्हणाली. "'हळदीत ओळखू येईना लेक माझी लाडाची' असं हाय ते. हरिद्रा कोण म्हणतं गं?"

संगीतकार निनादनंही नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हा शाल्मली त्याच्याशी कडाकडा भांडली होती.

"आत्या, गाणं कुणाचं हे?"

"कुणाचं म्हंजे? आमचंच. लई जुनं हाय."

शाल्मली मांडवाबाहेर धावली. तिला हसू आवरेना. तसाच तिनं निनादला फोन लावला.

"अरे, आपलं गाणं पारंपरिक झालंय. आणि हरिद्रा काढली त्यांनी."

"सुटलो. पण तू एवढी खूश का? तुझं नाव तर कुठंच नाही."

"नाव राहू दे. आत तिसरं कडवं चाललंय, आणि मी दोनच लिहिली होती. तेवढं शिकून घेते, मग करते फोन."