वेचणीचा अहवाल

नव्या प्रणालीत शेऱ्याच्या रकान्यात पाचच शब्द चालणार होते, आणि जुन्या प्रणालीत ते दोनशे सदतीस निघाले होते.

रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी जुन्या संगणकातून नव्यात हलवायच्या म्हणून तिला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. हलवण्याआधी कोणत्या जुन्या शब्दासमोर कोणता नवा शब्द, असा जुळणीचा अहवाल लागतो. त्यासाठी तिने एक छोटंसं सॉफ्टवेअर लिहिलं. ते चाळीस वर्षांच्या नोंदींतून शेरे वेचून आणायचं, म्हणून तिने त्याचं नाव वेचणी ठेवलं. नोंदविभागातले लोक मग तिलाच वेचणीबाई म्हणू लागले.

जितक्या सिस्टर तितके शेरे. रुग्ण बाहेर पडला की कुणी ‘डिस्चार्ज’ लिहिलेलं, कुणी ‘बरा, पाठवला’, एकीने तर ‘भांडून गेला’. वेचणीने सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे ढीग लावून दिले होते. ‘सुटी’, ‘सुट्टी’, ‘सुटी दिली’, ‘सुटले’, ‘सुटली’ हा ढीग सगळ्यांत मोठा होता. सगळे एकाच माळेचे मणी. तिने एका टिचकीसरशी तो ढीग ‘घरी सोडले’ या नव्या शब्दाखाली ढकलला आणि ती चहाला गेली.

अहवालावर तीन सह्या लागत. तिसरी सही करताना मोठे डॉक्टर एका आकड्यापाशी थबकले. छातीच्या जुन्या वॉर्डात अकरा वर्षांत एकही मृत्यू नव्हता. तिथल्या आमच्या सरांच्या हाताला गुण होता तो, असं म्हणून त्यांनी समाधानाने पेन टेकवलं.

तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्याच वॉर्डात, त्याच वर्षांमध्ये तिची आई वारली, असं बाबा आजवर सांगत आले होते.

तेव्हा ती चार वर्षांची होती. आईची धाकटी बहीण तिला सांभाळायला म्हणून आली, आणि वर्षाच्या आत बाबांनी तिच्याशी लग्न केलं. मावशीने तिला काही कमी पडू दिलं नाही. त्यामुळे कधी कुणाला काही विचारायची वेळच आली नव्हती.

तिने आईचं नाव टाकलं. नोंद तत्काळ समोर आली. वय सव्वीस, खाट चौदा, तारीख, आणि नव्या रकान्यात ‘घरी सोडले’. तिने तीनदा पाहिलं. तिच्या पायाखालची वाळू सरकली. आई या इमारतीतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडली होती, आणि घरी पोचली नव्हती.

संध्याकाळी ती थेट बाबांकडे गेली. मूत्रपिंडं थकल्यापासून ते खाटेवरच असत. मावशी त्यांना उशी लावून देत होती. तिने आढेवेढे न घेता आईचं काय झालं ते विचारलं.

“काय व्हायचं? त्या दवाखान्यातच गेली ती,” बाबा म्हणाले. “मी उशाशी होतो.”

“दवाखान्याची नोंद तसं म्हणत नाही, बाबा. तिला घरी सोडलं होतं.”

“नेमकं असंच लिहिलंय?”

“असंच लिहिलंय. मावशीला आणायचं होतं म्हणून तुम्ही आईला दारातूनच परत पाठवलंत.”

 बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशीने तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि आजारी माणसाशी असं बोलू नये म्हणून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत ती जिना उतरली.

त्यानंतर तिने वेचणीला आईच्या मागावर सोडलं. मतदारयाद्या, महिलाश्रमांच्या नोंदी, मिळेल ते तिला चाळायला दिलं. अधूनमधून मावशीचा फोन येई. बाबांना दवाखान्यात दाखल केलंय. बाबा तुझं नाव घेतायत. ये गं एकदा. हातातलं काम आटोपलं की येते, असं ती दरवेळी सांगे. फोन ठेवल्यावर तिला रडू येई, पण राग रडण्याला पुरून उरत होता. जिवंत आईला मेलेली म्हणणारा माणूस दोन आठवडे थांबू शकतो, असं तिला वाटे.

बाविसाव्या दिवशी वेचणीला एक नाव सापडलं. आठ तासांवरच्या गावात वृद्ध स्त्रियांचा आश्रम होता. नाव तेच, वय जुळणारं, नातेवाईक कुणी नाही. तिने दुसऱ्या दिवशीची बस ठरवली. आईसाठी एक मऊ साडी घेतली आणि ओळख पटावी म्हणून आपला लहानपणचा फोटो बॅगेत घातला.

सकाळी बॅगेची चेन ओढत असताना मावशीचा फोन आला. आवाज अगदी थकलेला होता.

“बाबा सुटले गं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. तिला खरंच हायसं वाटलं होतं. “तू घेऊन जा त्यांना घरी. मी उद्या आईला घेऊनच येते. काय खरं नि काय खोटं ते तिच्यासमोरच सांगू देत.”

 

“घरी कुठलं, पोरी,” मावशी म्हणाली. “तुझी आई सुटली, तसेच सुटले ते.”