दळण

पीठ अजून कोमट होतं. बा अल्लालने ते अंगठ्याने बोटांवर चोळून पाहिलं. सहा वर्षं बंद पडलेल्या पाणचक्कीच्या दगडांना त्याने तीन दिवस बसून टाकी लावली होती, आणि आता पीठ बारीक उतरत होतं. कठड्यापलीकडच्या पाहुण्यांनी फोटो काढले, टाळ्या वाजवल्या आणि ते वर आपल्या खोल्यांकडे गेले. धान्याच्या कोठारांच्या आता हॉटेलच्या खोल्या झाल्या होत्या.

लगेच झाडणारी बाई आली. तिने पीठ केरभरणीत ओढलं आणि काळ्या पिशवीत ओतलं.

"अगं, काय करतेस?"

"कचऱ्यात टाकायला सांगितलंय, बा."

मॅनेजर नौफल हसत आला. "या पिठाला परवाना नाही, बा अल्लाल. कुणाचं पोट बिघडलं तर हॉटेलला टाळं लागेल. खायच्या रोट्या बाहेरून येतात. तुम्ही फक्त रोज चार वाजता दहा मिनिटं दळून दाखवायचं."

"आणि रोज फेकायचं?"

"शोभेचं पीठ हो ते."

अल्लालच्या डोक्यात तिडीक गेली. "टाकीनंतरचं पहिलं पीठ कचकचतं. तेसुद्धा आम्ही कोंबड्यांना घालायचो. वाटेत पडलेला रोटीचा तुकडा तुझी आई उचलते, ओठांना लावते, कोनाड्यात ठेवते. आणि तू गहू दळून उकिरड्यात टाकतोस?"

"चिडू नका. पगार घ्या, मजेत राहा. आता पाणी बंद करा बरं."

अल्लालने पाणी बंद केलं नाही. तो गल्लीच्या दारात गेला. फेस शहरातल्या त्या गल्लीत चक्की सुरू झाली की हाक जायची, आणि हाक ऐकून आलेल्याला दळणाशिवाय परत पाठवायचं नाही, असा रिवाज. हाक त्याची बायको रुकैया द्यायची. ती गेल्यापासून कुणी दिली नव्हती. अल्लालने दोन्ही हात तोंडाशी धरले. मग तो ओरडला, "चक्की फिरतेय! गहू आणा!"

"बा अल्लाल, आत या! लोक बघतायत!" नौफल मागून म्हणाला.

समोरच्या घरातली म्हातारी लल्ला हनिया सगळ्यांत आधी आली, पाठीवर गाठोडं घेऊन. मागून आणखी चौघी. काउंटरवरची मुलगी गडबडून उठली.

"आपलं बुकिंग आहे का?"

हनियाने गव्हाचं गाठोडं चकचकीत काउंटरवर धपकन टेकवलं.

"माझा नंबर तुझ्या जन्माआधीचा आहे, पोरी. सरक."