उलटी शिलाई

बाइंडरने शब्दकोशाची पाठ सोलली आणि त्याचा हात थबकला. आत वडिलांची शिलाई होती. पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता, कापड विटलं होतं, पण बेचाळीस वर्षांत एक दोरा ढिला झाला नव्हता.

ग्रंथपालबाईंनी निक्षून सांगितलं होतं, शिलाई थोरल्या बाइंडरांसारखीच हवी, जमणार नसेल तर तसं सांगा. ते त्याच्या जिव्हारी लागलं. बापाची सर नाही, हे तो उमेदवारीपासून ऐकत आला होता. वडिलांनी ती शिलाई त्याला कधी शिकवली नाही. विचारलं की विषय बदलायचे. त्यांनी स्वतःही ती एकाएकी सोडली होती आणि पुढे चारचौघांसारखं शिवत राहिले. का, ते कोणालाच कळलं नाही. उसवून बघावं तर ती शिलाई चालली त्या वर्ष-दीड वर्षातलं एकही पुस्तक आजवर दुरुस्तीला आलं नव्हतं. येणार कसं?

तीन दिवस तो त्या दोऱ्याच्या मागे लागला. थोडा उसवायचा, तसाच ओवून बघायचा. दर वेळी गाठ घसरायची. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या ध्यानात आलं की दोरा उलटा चाललाय. त्याची सुई जिथून आत जायची, तिथून ही बाहेर आली होती. हे डाव्या हाताचं काम होतं. वडील तर पक्के उजवे.

आई खळीचं भांडं घेऊन आली. खळ शिजवून गाळून द्यायची, दुकानातलं तिचं काम एवढंच, असं तो धरून चालला होता. तिने वाकून शिलाईवरून बोट फिरवलं. "टिकली की गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

त्याने सुई खाली ठेवली. "आई, हे तू शिवलंस?"

ह्यांचं काम तुंबलं होतं, आई म्हणाली, म्हणून ती घरी बसून शिवून द्यायची. ह्यांना सांगायला लाज वाटायची, आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

"पण तू कुठे डावखुरी आहेस?"

"नाहीच मुळी. तू एक नंबरचा रडका. मांडीवरून खाली ठेवलं की घर डोक्यावर घ्यायचास. उजव्या हाताने तुला थोपटत राहायचे, मग उरला डावा." आईने भांडं खाली ठेवलं. "तू चालायला लागलास, उजवा हात मोकळा झाला, आणि ती शिलाई पुन्हा काही जमली नाही बघ."

बाइंडरने पुन्हा त्या दोऱ्याकडे पाहिलं. ज्या शिलाईपुढे तो जन्मभर दबून राहिला, ती घातली जात असताना तो तिथेच झोपलेला होता.

त्याने आईला शेजारी बसवलं. उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि डाव्या हाताने दोरा ओढला. गाठ बसली.