मालाचा कॅमेरा

“काकू, डाग चांगला फिकट होत चाललाय,” संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर अवंतिका म्हणाल्या.

पद्मावतींनी हात जोडले. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा अभिनंदन खुर्चीत सैल झाला. हुपरीहून कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या या दवाखान्यात येईपर्यंत दोघांच्या मनात एकच धास्ती होती.

पडद्यावर पद्मावतींच्या घोट्याजवळचा डाग ओळीनं मांडला होता. पहिला फोटो दिवाळीत याच खोलीत काढलेला. पुढचे अभिनंदननं दर महिन्याला घरून पाठवलेले. डाग वाढला किंवा गडद झाला, तर तुकडा काढून कर्करोगासाठी तपासावा लागेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

“बघू पाय.”

पद्मावतींनी साडी जरा वर धरली. डॉक्टर वाकल्या. मग त्यांनी पडद्याकडं बघितलं, पुन्हा पायाकडं. दिवा जवळ ओढून घेतला.

“शेवटचा फोटो कधीचा?”

“परवाचाच,” अभिनंदन म्हणाला.

“परवाचा?” डॉक्टरांचा आवाज बदलला. “दोन दिवसांत डाग इतका काळा होत नाही. काही लावलंत का काकू?”

“काय न्हाय बाई. देवाशपथ.”

पद्मावती डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होत्या.

“अभी, ह्ये पैंजण कुणाचं रं?”

“तुझंच की आई.”

“माझं कुठलं? माझं काळंठिक्कर पडलंय. दुनियेला पैंजण घडवून द्यायचं, घरातलं घासायला सवड हाय कुणाला? आन् ह्ये बघ कसं लखलखतंय.”

अभिनंदनचा हात खिशातल्या फोनवर गेला. व्यापाऱ्यांना आपल्या कारखान्यातला चांदीचा माल दाखवायला त्यानं त्यात एक ॲप घेतलं होतं. त्यातून फोटो काढला की चांदी आपोआप उजळायची, काळपट ठिपके निघून जायचे. आईच्या पायाचे फोटोही त्यानं सवयीनं त्यातूनच काढले होते.

“मॅडम... मालाचा कॅमेरा हाय त्यो,” तो कसाबसा म्हणाला.

डॉक्टर रागावल्या नाहीत, याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्यांनी घरचे सगळे फोटो बाजूला सारले. पडद्यावर दिवाळीतला एकच उरला. त्यात डागाशेजारी कागदाची छोटी मोजपट्टी चिकटवलेली होती. डाग तिच्या दुसऱ्या रेघेच्या अलीकडं थांबला होता.

“मधले महिने आता आपल्याकडं नाहीत,” त्या म्हणाल्या. तशीच एक पट्टी काढून त्यांनी घोट्यावर लावली.

डाग दुसरी रेघ ओलांडून गेला होता.

“तुकडा आजच काढू. आधी फोटो घेते.”

त्यांनी कॅमेरा उचलला, तेव्हा अभिनंदन आईच्या पायाशी बसला होता. हातात रुमाल कधी आला, त्यालाही कळलं नाही. कारखान्यात माल फोटोसाठी मांडताना पुसतो, तसा तो पैंजण पुसू लागला होता.

“पुसू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “काळं आहे तसंच येऊ दे.”

रुमाल गळून पडला. त्यानं आईचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाय थरथरत होता, की त्याचे हात, सांगता आलं नसतं.

“हलू नगंस लेकरा,” पद्मावती म्हणाल्या. “फोटो बिघडंल.”