काटा न हलणारी बंदूक

नातीच्या पहिल्यावहिल्या एअरगनसाठी दुकानात आठ दिवस खेटे घालून आजीचे पाय भरून आले होते. आधी हवा भरून ठेवायची ही बंदूक स्वस्त हवी होती, आणि दगा न देणारीही, कारण दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून तिने दुकानदाराला तीन बंदुकांत हवा भरायला लावली आणि रोज येऊन हवेचा दाब दाखवणारे काटे तपासले. दोन बंदुकांची हवा हळूहळू गळाली, तिसरीचा काटा जागचा हलला नाही.

"हीच बांधा. वरच्या पॉलिशला भुलायला मी काय दुधखुळी आहे?" आजी म्हणाली.

नवऱ्याला सोडून माहेरी परतलेली तिची लेक खोकं उचलता उचलता थकल्या आवाजात म्हणाली,

"आई, माझं स्थळ बघताना तू चहा निवेपर्यंतसुद्धा थांबली नव्हतीस."