परग्रहावरचं पहिलं उपोषण

जुलमी सत्ता उलथवायला एका माणसाचा निर्धार पुरेसा असतो, असं मास्तरांनी खाणीच्या फाटकासमोर सतरंजी अंथरून जाहीर केलं. पृथ्वीवर ते इतिहास शिकवायचे, इथे दगड फोडायचे. या ग्रहाच्या सहा पायांच्या मालकांनी माणसांचा शिधा निम्म्यावर आणला होता, आणि तो पुन्हा पूर्ण मिळेपर्यंत मास्तर अन्नाला शिवणार नव्हते.

दुपारपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मग बायको रोज त्यांचं अंग पुसायला येऊ लागली. ओल्या टॉवेलखालून ती स्वतःच्या वाट्याचे उकडलेले कंद त्यांच्या तोंडात सरकवायची.

"अहो, हळू चावा. लोक बघतायत."

"मीठ कमी पडलंय," मास्तर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"घरी नावं ठेवता ते ठेवता, आता उपोषणातही ठेवा."

महिना उलटल्यावर मोठे मालक स्वतः आले. त्यांनी मास्तरांना मागूनपुढून चाचपलं, वजनकाट्यावर उभं केलं आणि बराच वेळ ते काट्याकडेच बघत राहिले. सगळी खाण काम थांबवून फाटकाशी जमली होती. मास्तरांनी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"उरलेला शिधाही आजपासून बंद," मालक शांतपणे म्हणाले. "तुम्हाला खायला लागतच नाही, हे आधीच सांगायचं ना."



उपोषणात मास्तरांचं वजन दोन किलोनं वाढलं होतं.